माझा खांदा आणि शेजारची कोंबडी

दुखणं माझं एकटीचं, पण त्याचे किस्से साऱ्या आश्रमशाळेच्या मालकीचे झालेत. लग्नात, बैठकीत, बसस्टँडवर आमच्याकडचं कोणी भेटलं की माझा खांदा निघतोच. कधीकधी तर मला न ओळखता मलाच सांगतात. दर वेळी त्यात काहीतरी नवीन भर पडलेली असते. म्हणून म्हटलं, एकदा मालकिणीनंच सांगून टाकावं. निदान त्यातलं अस्वल तरी बाहेर निघेल.

*

आमची शाळा आलापल्लीच्या पुढं, जंगलात. मी गणित शिकवते. वय त्रेपन्न, लग्न केलं नाही, क्वार्टरमध्ये एकटी राहते.

एका रविवारी कपाटावरचे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं आणि मी उजव्या हातानं कपाटाला लटकले. एवढंसंच, मनात एक-दोन म्हणेपर्यंत. पण खांद्यात काहीतरी टर्रकन फाटल्याचं मला चक्क ऐकू आलं. खाली बसले. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की कोणाला मारायची ते कधी ठरवलेलंच नाही. मग तोंड मिटलं आणि चालत शाळेचे शिपाई मडावी भाऊ यांच्या घरी गेले.

मडावी भाऊंनी गळ्यातला दुपट्टा काढून हात बांधून दिला. म्हणाले, "मॅडम, आवाज द्या लागत होता ना."

*

बुधवारच्या बाजारापर्यंत बातमी पोचली, की गणिताच्या मॅडमना अस्वलानं धरलं. कोणी म्हणे मोहाच्या झाडाखाली, कोणी म्हणे थेट क्वार्टरच्या मागे. एकानं तर मी अस्वलाला छत्री मारल्याचंही सांगितलं. ते मला आवडलं.

गुरुवारी वनरक्षक हजर. हातात पंचनाम्याचे कागद, गळ्यात कॅमेरा. "मॅडम, हल्ला नेमका कोणत्या जागी झाला? नख्याचे निशान पाह्यजेत."

मी त्याला घरात नेऊन कपाट दाखवलं. तो कपाटाकडं बघत राहिला. कागद घडी करून खिशात ठेवले आणि फार दुःखानं म्हणाला, "कपाटाचं आमच्याकडं येत नाई मॅडम."

*

हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यावर लिहायची तर पंचाईत. मी फळ्याच्या खालच्या वीतभर पट्टीत गणितं सोडवायची आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघायची.

सोमवारी वर्गात गेले तर फळा दोन फूट खाली! मडावी भाऊंनी रविवारी येऊन खिळे काढून नवे ठोकले होते. मला बरं झालं, पण आमचे हेडमास्तर गेडाम सर सहा फुटी. त्यांना इतिहास शिकवायला फळ्यापुढं खुर्ची घेऊन बसावं लागे.

आणि त्याच आठवड्यात पाहणीला साहेब आले. विचारलं, "हा फळा इतका खाली का?"

गेडाम सर घाम पुसू लागले. मडावी भाऊ पुढं झाले. "लहान पोरायचा हात पुरला पाह्यजे म्हणून केलं साहेब."

साहेबांनी फळ्याचा फोटो काढला आणि शेरा लिहिला, की उपक्रम स्तुत्य आहे, इतर शाळांनीही असे करावे.

*

चंद्रपूरला डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. खांद्याचा एक स्नायू बराच फाटला होता. म्हणाले, "दोन रस्ते आहेत. तीन महिने व्यायाम करून बघा. नाहीतर दुर्बिणीतून टाके घालू. पण ऑपरेशन केलं तर सहा आठवडे हात पट्ट्यात बांधलेला. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, कशालाच हात लावायचा नाही. सोबत कोण असतं तुमच्या?"

"सध्या कोणी नाही," मी म्हटलं.

"सध्या म्हणजे कधीपासून?"

"त्रेपन्न वर्षं झाली."

ते हसले. मीही हसले. मग त्यांनी चिठ्ठीवर आधी व्यायाम लिहून दिला.

*

आता बोरकुटे मॅडम. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, आणि माझ्या शेजारी. दोन क्वार्टरमध्ये एकच भिंत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या वांग्यांत शिरलं. मी एक बोलले, त्या दोन बोलल्या, आणि त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. वांगी केव्हाच मेली, अबोला टिकला.

बोरकुटे मॅडमना मला काही ऐकवायचं असलं की त्या अंगणात येऊन आपल्या कोंबडीला सांगतात.

एका हातानं मला वेणी घालता येईना. आठ दिवस केस तसेच क्लिपमध्ये कोंबून शाळेत जात होते. नवव्या दिवशी अंगणातून आवाज आला, "कोंबडे, पोरींले दोन वेण्या सक्तीच्या हायेत बरं. अन् मॅडम लोक झिपऱ्या सोडून फिरून राह्यले."

मला असा राग आला, की शनिवारी आलापल्लीला जाऊन केस मानेपर्यंत कापून आले. संध्याकाळी पुन्हा आवाज. "कापले वाटते. बरं दिसते पण, कोंबडे."

आई गेल्यानंतर माझ्या केसांबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं. मी आत जाऊन आरशात पुन्हा एकदा बघितलं.

*

शाळेचे गणवेश शिवणारे शेंडे भाऊ मापं घ्यायला आले होते. गंमत म्हणून मी विचारलं, "शेंडे भाऊ, फाटलेलं शिवावं की राहू द्यावं?"

"कापड किती जुनं हाय?"

"त्रेपन्न वर्षांचं."

त्यांनी कानामागचा खडू काढला, पुन्हा ठेवला. "जुन्या कापडाले टाका घालता येते मॅडम. पण टाका धरतो अन् बाजूचं कापड फाटते."

माझा चेहरा उतरला असणार. घाईघाईनं म्हणाले, "मी शर्टाचं सांगून राह्यलो!"

*

व्यायाम सोपा होता. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि दोन बोटं चालवत हात वर वर न्यायचा. जिथं हात थांबेल तिथं पेन्सिलीची खूण. माझ्या घरात तेवढी मोकळी भिंत एकच, बोरकुटे मॅडमच्या बाजूची. रोज सकाळी सहाला मी तिच्यावर नखं खरवडत चढायची.

तिसऱ्या दिवशी पलीकडून, "कोंबडे, बाजूच्या घरात उंदीर झाले वाटते."

मी मुद्दाम जास्त जोरानं खरवडलं.

महिन्याभरात खुणा स्विचबोर्डाच्या चार बोटं खाली पोचल्या आणि तिथंच थांबल्या. दुसरा महिना गेला, तिसरा लागला. त्याच चार बोटांत पेन्सिलीचा नुसता काळा ढीग झाला. एक दिवस सकाळी उठले आणि वाटलं, कशासाठी? हात वर गेला काय आणि न गेला काय, बघणारं कोण आहे? तशीच पडून राहिले. सहा वाजून गेले, साडेसहा झाले.

भिंतीपलीकडून आवाज आला. या वेळी कोंबडीचं नाव घेतलेलं नव्हतं.

"उंदीर मेला काय वो आज?"

मी उठले आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

*

तीन महिने संपले. डॉक्टर म्हणाले, "आता ठरवा. फार थांबलात तर स्नायू आखडून जाईल, मग शिवायचं म्हटलं तरी शिवता येणार नाही. शिवला तरी जुनं दुखणं, शंभर टक्के मी सांगत नाही. पण माझं मत विचाराल तर करून घ्या." एक तारीख दिली, एक फॉर्म दिला. फॉर्मवर खाली रकाना होता, सोबतच्या नातेवाइकाचं नाव आणि सही.

पुण्याच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "करूनच घे तू. मी दिवाळीत येतोच आहे." दिवाळीला पाच महिने होते. वहिनीनं मागून विचारलं, की आश्रमशाळेत स्टाफ असतो ना एवढा.

मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की ऑपरेशन करत नाही. आता फळा खाली आलाय, केस कापलेत, उजवा हात वर नेऊन मला करायचंय काय? बोरकुटे मॅडम कोपऱ्यात हजेरीपट भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बाकीच्यांनी हो हो म्हटलं. कोणीतरी नको असं करू म्हणेल, असं मला वाटत होतं.

खरं सांगायचं तर ऑपरेशनची भीती नव्हती. शुद्धीवर येऊन डोळे उघडल्यावर बाजूचं स्टूल रिकामं असेल, ते मला सोसणार नव्हतं.

तरीही रात्रंदिवस ठणकणारा खांदा फार दिवस ऐकून घेत नाही. शेवटी दवाखान्याचं नाव आणि तारीख लिहून रजेचा अर्ज दिला. चंद्रपूरला पैसे देऊन एखादी आया मिळेल, सही तीच करेल, असं मनाशी ठरवलं. मडावी भाऊंनी पिशवी गाडीत चढवून दिली.

गाडीत बघते तर दोन सीट पुढं बोरकुटे मॅडम. खिडकीबाहेर बघत बसलेल्या. म्हटलं, यांचं जिल्ह्याला काही सरकारी काम निघालं असेल. सगळा रस्ता मी त्यांची पाठ बघत होते. बसस्टँडवर उतरून त्या एका ऑटोत बसल्या, मी दुसऱ्या.

दवाखान्यात पोचले तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याच. मांडीवर भली मोठी पिशवी. पिशवीतून चादर, कंगवा आणि पाण्याची बाटली दिसत होती.

सिस्टरनं माझं नाव पुकारलं. फॉर्म उलटा करून बघितला. "हा रकाना रिकामाच आहे. सोबत कोण आहे तुमच्या?"

मी आयाचं विचारणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून, चांगल्या खांद्यावरून, एक हात आला आणि फॉर्म घेऊन गेला. बोरकुटे मॅडमनी काउंटरवरचा पेन उचलला, नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"तुम्ही पेशंटच्या कोण?" सिस्टरनं विचारलं.

"कोणी नाई."

"अहो, नातं लिहावं लागतं."

"नातं कुठलं? सहा वर्षं झाली, आमचं बोलणं नाई."

सिस्टरनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग तुम्ही सही कशी केली?"

बोरकुटे मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"काऊन? सही कराले बोला लागते काय?"