खुर्चीचे हात

मुकुंदवाडीला बहिणीकडे पापड लाटत होते तेव्हा शेजारणीचा फोन आला. आमचे हे गॅलरीतल्या खुर्चीतच गेले होते, मांडीवर अर्धं चित्र... रिक्षात बसले तरी माझ्या हातांना पीठ तसंच होतं.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर ह्यांना तेलखडूंचं वेड लागलं. वेरूळ, देवगिरी सोडून हा माणूस काय काढायचा, तर आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीतले पाण्याचे निळे ड्रम, समोरच्यांची चिंध्या झालेली पायपुसणी, टँकरखाली सावलीला बसलेलं कुत्रं. गॅलरीतून दिसतं तेवढं आपलं, असं म्हणायचे. रंग अंगठ्यानं घासायचे आणि अंगठा खुशाल त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हातांना पुसायचे. तेलखडू धड वाळत नाहीत. आलेला पाहुणा कोपराला निळं-पिवळं घेऊन उठायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लहान पोराशी संसार करतेय मी, असं चारचौघांत बोलून दाखवायचे. ते नुसते हसायचे.

तेराव्याला माणसं येणार म्हणून मी सकाळीच खुर्ची ओढून मोरीत नेली. आधी खोबरेल चोळलं, मग साबणानं घासली. घरात काय घडलंय आणि मला काळजी कसली, तर लोक काय म्हणतील ह्याची! सून म्हणाली, "आई, राहू द्या ना ते." मी कसली ऐकते. खुर्चीचे दोन्ही हात पांढरेशुभ्र निघाले तेव्हा, सांगायलाही लाज वाटते, मला बरं वाटलं.

दुपारी ह्यांचे वर्कशॉपमधले दोस्त रशीदभाई आले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्या खुर्चीच्या हातांवर पेपर अंथरल्याशिवाय ते कधी बसले नाहीत. सवयीनं त्यांनी पिशवीतून पेपर काढला, उघडला... आणि खुर्चीकडे बघत राहिले. मग तो घडी करून परत ठेवला आणि तसेच बसले. उठताना बाही उलटीसुलटी करून पाहिली.

"भाभी, आज कायच नाय लागलं," एवढंच म्हणाले.



सुनेनं आता ड्रमचं चित्र हॉलमध्ये लावलंय. आलेगेले कौतुक करतात, मी खालमानेनं चहा देते. दुपारी घरात कुणी नसलं की गॅलरीत त्या खुर्चीत जाऊन बसते. तिच्या हातांवर कोपरं दाबून घासते आणि उलटून बघते. अजून तरी काही लागलेलं नाही.