मांडवाच्या दिवशीचं पडवळ

पुतणीचं, म्हणजे मोठ्या दिरांच्या मुलीचं, लग्न मे महिन्यात ठरलं. आमच्या गावात लग्नं बहुतेक तेव्हाच होतात, कारण भाताची शेतं रिकामी असतात आणि मांडवाला जागा मिळते. हळद आणि लग्न, दोन्हीची जेवणं दिरांनी केटररला दिली. राहिलं फक्त मांडवाच्या दिवशीचं दुपारचं जेवण. मांडव घालायला भाऊबंद येतात, त्यांना घरचंच जेवण वाढायची आमच्याकडे रीत आहे. ते मी माझ्या शेतातल्या भाजीचं करते, असं मी म्हणाले, तर दीर हसले.

"काय वाढशील? पडवळ? लोकं म्हणतील, पोरीच्या लग्नाला बोलवून पडवळ खायला घातला."

"हो. पडवळच वाढणार," मी म्हणाले.

मी शेतकऱ्याच्या घरातली नाही. शहरात वाढले, लग्न होऊन पळस्प्याच्या आतल्या बाजूच्या या गावात आले आणि कितीतरी वर्षं कामोठ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या. त्या सोडून सासूबाईंच्या पंधरा गुंठ्यांत भाजी लावायला लागले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हौस आहे, दोन वर्षांत फिटेल. फिटली नाही. खत शेणाचं, फवारणी निंबोळीची, आणि उन्हाळ्यातही शेत पडीक ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आसपासच्या शेतांत आता कंटेनर उभे असतात. त्यांच्या येण्याजाण्याची लाल धूळ माझ्या गवारीवर बसते. "तू पण भाड्यानं दे नि सावलीत बस," असं दीर दर मार्चला सांगत, आणि दर मार्चला मी पडवळाच्या बिया भिजत घालत असे.

उन्हाळ्यात विहिरीला सकाळी जेमतेम तासभर पाणी असतं. तेवढ्यावर फ्लॉवर होत नाही, ढोबळी मिरची होत नाही. होतं ते पडवळ, दुधी, गवार, काकडी, लाल माठ. बांधावर कैऱ्या आणि फणस. कामोठ्याची माझी गिऱ्हाइकं एप्रिलमध्ये मेसेज करतात, "दर आठवड्याला तेच तेच!" मी कळवते, उन्हाळाही तोच आहे. काहीजण सोडून जातात. जाऊ देत.

"पडवळाला काय हसतोस रे?" सासूबाई त्या दिवशी दिरांना म्हणाल्या. "माझ्या लग्नाला पनीर व्हता काय? फणसाची भाजी नि वालाचा बिरडा. लोकं मागून मागून जेवली."

सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या, हे घरात नवीन होतं. माझ्या शेणखताच्या ढिगाला त्या 'सूनबाईचं कॉलेज' म्हणतात. जेवण माझ्याकडे आलं.

मांडवाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडपवाल्याचा टेम्पो बांबू घेऊन आला. रस्ता सोडून तो माझ्या बांधावरून वळला आणि मागे घेताना थेट पडवळाच्या मांडवात घुसला. मी विहिरीवर होते. काठ्या मोडल्याचा आवाज आला म्हणून धावले. अर्धा मांडव भुईसपाट झाला होता. वेल मुळापासून ओढले गेले होते आणि हातहातभर लांब पडवळं धुळीत अस्ताव्यस्त पडली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "सॉरी मॅडम, दिसलंच नाही."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग मी बांधावर बसले आणि रडले. पाणी घातलेली माती अजून ओली होती आणि तिच्यावर वेल कोमेजायला लागले होते.

दीर आले. त्यांनी एकदा सगळं पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "केटररला फोन करतो. दीडशे पानांचं सांगतो. तुझी इज्जत राहील."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण त्यात थोडं सुटल्यासारखंही होतं, आणि ते दिसल्याबरोबर माझं रडू थांबलं.

"टेम्पोखाली माझी इज्जत नाही आली, दादा. पडवळं आलीत. ती उद्या खायची. फोन करू नका."

ते गेल्यावर मी सगळी पडवळं गोळा केली. चेंगरलेली वेगळी काढली, बरी होती ती धुऊन ओल्या गोणपाटात गुंडाळली. दीडशे माणसांना ती पुरणार नव्हती, हे उघड होतं. मग बांधावरचे दोन मोठे कच्चे फणस उतरवले. तेवढ्यात माझी मोठी जाऊ, म्हणजे नवरीची आई, मोड आलेल्या वालांचं टोपलं डोक्यावर घेऊन आली. ती कधीच शेतावर येत नसे. आंब्याखाली बसून ती वाल सोलायला लागली.

"ताई, तुम्हाला घरी कामं असतील ना?"

"हाईत. पण माझ्या पोरीचा मांडव हाय. केटररचं दोन टायम हाय, एक टायम घरचं होऊ दे."

मी तिच्या समोर बसले. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी वाल सोलले, नखं हिरवी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आंब्याखाली तीन चुली पेटल्या. सासूबाईंनी हाताला आणि कोयत्याला तेल लावून फणस कापले; चीक लागू नये म्हणून मला जवळ येऊ दिलं नाही. पडवळात चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घातलं. बिरड्यात आमसुलं आणि नारळाचं दूध. जाऊ भाकऱ्या थापत होती, चार पुतण्या-भाच्या कैऱ्या किसत होत्या. किसाला गूळ, तिखट आणि मोहरीची फोडणी दिली की झाला टक्कू. पन्ह्याचा माठ विहिरीच्या काठावर सावलीत ठेवला.

पंगत बसली. दोन-तीन बायका भाजीकडे बघून एकमेकींना खुणावत होत्या. एक म्हणाली, "काय, तंगी हाय वाटतं."

"तंगी नाय, ताजी भाजी हाय," जाऊ तिथल्या तिथे म्हणाली आणि तिने त्या बाईच्या पानात आणखी वाढलं.

कोपऱ्यातल्या चार तरुणांनी पानं बाजूला सारली आणि हायवेवरच्या ढाब्यावरून बिर्याणी मागवली. बिर्याणी घेऊन आलेल्या माणसाला रस्ता सापडेना, तो मलाच विचारायला आला. मी त्याला पंगतीचा कोपरा दाखवला आणि ऊन फार होतं म्हणून पन्ह्याचा ग्लासही दिला.

पण म्हातारी माणसं जेवली. बिरडं दोनदा मागून घेतलं. पडवळ दुसऱ्या पंगतीच्या मध्यावरच संपलं. फणसाची भाजी मात्र पाव टोप उरली, फणस जरा जून निघाले होते. एका आजोबांनी सुकट नाही का, असं विचारलं, तर सासूबाईंनी कुठून तरी कैरी घातलेल्या सुकटीचं छोटं भांडं काढलं. ते त्यांनी कधी केलं, मला पत्ता नव्हता.

दीर शेवटच्या पंगतीला बसले. बिरड्याचा पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ कमी हाय."

"मीठ पानात वाढलंय, दादा."

त्यांनी मीठ घेतलं. पुन्हा बिरडंही घेतलं.  

लग्न थाटात झालं. केटररचं पनीर मी खाल्लं, चांगलं होतं.

वऱ्हाड गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊ शेतावर हजर. मंडपवाल्याला दरडावून तिने भरपाई म्हणून बांबू उतरवून घेतले होते. आम्ही दोघींनी नवा मांडव उभा केला. वाचलेले वेल त्यावर चढवले. त्यातले थोडे जगले, बाकीचे वाळले. वाळलेल्यांच्या जागी आम्ही चवळी टोचली.

तेव्हापासून जाऊ रोज येते. "माझी बायको तू बिघडवलीस," असं दीर म्हणतात. मी पाणी सोडत असते, त्यामुळे उत्तर जाऊच देते, आणि ते मला ऐकायला आवडतं. दिरांचा दुपारचा डबा आता ती शेतावरच्या चुलीवर करून पाठवते. डबा कधी रिकामा येतो, कधी अर्धा. भाजी काही आम्ही बदललेली नाही.