हळदीचा साउंड

कुठल्याही वायरीला हात लावायच्या आधी आक्का उजव्या हाताची पाठ तिच्यावर टेकवायची. मेन स्विच तिनं स्वतः बंद केलेला असला तरी. तळहात लावला आणि आत करंट असला, तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. पाठ लावली तर हात मागे फेकला जातो. हे तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "माणसावर इस्वास ठेव, स्विचवर ठेवू नको," असं म्हणायची, आणि थोडं थांबून, "माणसावर पण जपूनच."

खोडदकडून हमरस्त्याला येताना डाव्या हाताला एक पत्र्याचं दुकान होतं. बाहेर शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी ओळीनं ठेवलेल्या असायच्या. तिथून गेला असाल तर जाड भिंगाचा चष्मा लावून, मोटार दोन पायांत धरून बसलेली बाई तुम्हीही पाहिली असेल. तीच आक्का. दुकान नवऱ्याचं. तो गेला तेव्हा दीर म्हणाला, दुकान विकू. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेली मोटार भरायला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायला घेतली.

नवखा शेतकरी आला की आत डोकावून विचारायचा, मालक कुठायत. ती मान वर न करता भिंतीवरच्या फोटोकडे बोट करायची.

"मालक तिथं हायेत. त्यांना दाखवायची तर दाखवा, न्हाई तर मोटार हितं ठेवा."

मी तिच्याकडे कामाला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. कागद कापून मोटारीच्या खाचांत बसवायचा, तांब्याच्या वेटोळ्यांची टोकं दोऱ्यानं बांधायची, एवढं माझं काम. गिऱ्हाईक आलं की मी मोटारींच्या मागे सरकायचे. आक्कानं मला कधी पुढे ओढलं नाही. फक्त मोटारीला बांधायच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेतल्या. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोटार किती हॉर्सपॉवरची. "बोलू नको तू," म्हणायची. "पण लिही. लिव्हलेलं लाजत न्हाई." तेव्हापासून मी लिहीत राहिले. हेही तसंच लिहिलेलं आहे.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

दीर दुकानात आला, खुर्ची ओढून बसला आणि सगळी व्यवस्था सांगू लागला. मंडप अमक्याचा, आचारी घोडेगावचा, साउंडवाला त्याच्या ओळखीचा. शेवटी उठता उठता म्हणाला, हळदीला तुमी मागच्या खोलीत बसा, वहिनी, म्हणजे कुनाला बोलायला जागा नको. त्याच्या मनात वाईट काही होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे असंच चालत आलं होतं. हळद पाच सवाष्णी लावतात, आणि कपाळ मोकळं झालेल्या बायका मागच्या खोलीत भाज्या निवडत बसतात. मीही माझ्या पुतणीच्या हळदीला तिथंच बसले होते. गाणी भिंतीतून ऐकू येतात. नवरीचा चेहरा दुसऱ्या दिवशी दिसतो.

आक्कानं हातातलं वेटोळं पुरं केलं आणि विचारलं, "साउंडवाला कुठं उभा राहतो?"

दीर म्हणाला, कुठं म्हंजे, पुढं, मशिनीजवळ.

"मग साउंड मी करीन."

तो हसला. पण खर्च वाचत होता, आणि वहिनी मशीनमध्ये वाकबगार आहे हे त्यालाही माहीत होतं. त्यानं एकच अट घातली. धमक पाहिजे. छातीत धडधडलं पाहिजे, पोरं नाचली पाहिजेत. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तशी धमक वाजली नाही, तर त्याचा साउंडवाला येईल आणि वहिनी मागच्या खोलीत.

"ठरलं," आक्का म्हणाली.

घरात लहान स्पीकर दोन होते, पण धमक त्यांच्यानं होणार नव्हती. त्यासाठी गाडीच्या डिकीत ठेवतात तो मोठा बेसचा स्पीकर हवा आणि त्याला जोर देणारा अँप्लिफायर हवा. नवा परवडण्यासारखा नव्हता. आम्ही दोघी एसटीनं आळेफाट्याला गेलो. तिथं एका गॅरेजच्या मागे गाड्यांचा काढलेला माल पडलेला असतो. गॅरेजवाल्यानं आम्हाला दोघींना वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, मावशी, हे गाडीत लावायचं अस्तंय, मिक्सरला न्हाई.

आक्कानं पहिला स्पीकर उचलला, उलटा केला आणि मागच्या लोहचुंबकाशी नाक नेऊन वास घेतला. तिथं उभे असलेले दोन ड्रायव्हर हसायला लागले. त्यातला एक म्हणाला, मेथी ताजी हाय का, मावशी.

"करपलीय," ती म्हणाली आणि स्पीकर खाली ठेवला.

हे तिचं रोजचंच होतं. जळालेल्या तांब्याला एक आंबूस वास येतो. मोटार उघडायच्या आधीच ती वासावर सांगायची, किती जळलीय. दुसरा स्पीकरही करपला होता. तिसऱ्याचा वास घेऊन तिनं दोन्ही तळवे त्याच्या कागदी पोटावर ठेवले आणि हळूच दाबलं. कुठं खरखर नाही. पोटाची रबरी कड एका जागी फाटली होती, तेवढी गमानं चिकटवता येणार होती. गॅरेजवाल्याचं हसू आता गेलं होतं. त्यानं आपण होऊन अँप्लिफायर आतून आणला आणि तिच्यापुढे धरला. तिनं त्याचाही वास घेतला.

येताना तो बारा इंची स्पीकर मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. शेजारची बाई म्हणाली, काय हो, पातेलं का. आक्का म्हणाली, "हो. लेकीच्या लग्नाचं."

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही जोडायला घेतलं. स्पीकरला सुताराकडून जाड लाकडी खोकं करून आणलं होतं. फटी मी लांबीनं, सुताराच्या पुट्टीनं, बुजवल्या. गाडीचा अँप्लिफायर बॅटरीवर चालतो, म्हणून आक्कानं शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली आणि पाणबुडी मोटारीच्या केबलचा तुकडा जोडला. मध्ये फ्यूज टाकला. हे सगळं तिनं असं केलं, जसं मी भाकरी थापते.

चूक पुढे झाली. त्या स्पीकरला दोन कॉइली होत्या आणि चार वायरी. प्रत्येक कॉइलीला एक सुरुवात असते, एक शेवट असतो. मोटारीत शेजारशेजारच्या कॉइली जोडताना शेवटाला शेवट जोडायचा, हा आमच्या दुकानातला धडा. वीस वर्षं तिच्या बोटांनी तेच केलं होतं. बोटांनी स्पीकरमध्येही तेच केलं. शेवटाला शेवट.

मोबाइलवर गाणं लावलं. लहान स्पीकर खणखणीत बोलू लागले. मोठा गप्प. कान लावला तर आत माशी घोंगावल्यासारखं. तिनं फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली, अँप्लिफायर उघडून पाहिला. सगळं नीट होतं. तिनं पुन्हा स्पीकरचा वास घेतला. बारा वाजले, एक वाजला.

आता खरं सांगते. मला साडेबारालाच समजलं होतं. आक्कानं स्पीकर तपासायला घड्याळातला सेल काढून वायरींना लावला होता. एका कॉइलीला लावला की पोट पुढे उडायचं. दुसरीला लावला तरी पुढे उडायचं. दोन्ही जोडून लावला की जागचं हलायचं नाही. मोटारीत कॉइली वेगवेगळ्या खाचांत बसतात. इथं दोघी एकाच नळीवर गुंडाळलेल्या होत्या. जोडणी अशी की एक पुढे ढकलत होती तेव्हा दुसरी मागे ओढत होती. पण चौथी शिकलेल्या माझ्यासारखीनं तिला काय सांगायचं? मी दोऱ्याच्या गाठी सोडत आणि बांधत बसले.

दोन वाजता दीर आला. दारातच थांबला, ऐकलं आणि म्हणाला, वहिनी, झाली हौस. फोन करतो त्याला. खिशातून मोबाइल काढून रस्त्याकडे वळला.

आक्कानं चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा हातात धरून बसली. तसं मी तिला नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "आक्का, शेवटाला सुरुवात जोडून बघा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्पीकरकडे. मग हाताची पाठ टेकवून वायर सोडली, फिरवली, पीळ दिला.

पत्रे थरथरले. फळीवरची पक्कड सरकत सरकत खाली पडली. बाहेर दीर फोन कानाला लावून उभा होता, त्यानं तो हळूच खाली घेतला.

ती माझ्यावर डाफरली, "तुला कदी कळलं व्हतं?"

"मघाशी."

"मघाशी! आनि बसली गाठी मारत. लई गुणाची. माझी लेक माझ्याशिवाय हळदीला बसली असती ना, तुझ्या त्या लाजंपायी." मग तिनं माझा हात ओढून स्पीकरच्या खोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला. धमक कोपरापर्यंत चढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात मशीन मांडलं, ते नवरीच्या पाटापासून पाच पावलांवर. आक्का मशीनजवळ उभी, जांभळ्या साडीत, गळ्यात टेस्टर अडकवलेला. हळद सुरू झाली तेव्हा मी मागच्या खोलीत होते; पुढचं बोलणं आक्कानं मला नंतर सांगितलं. सवाष्णी पुढे आल्या, पोरं नाचायला लागली. दीर गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्या कानाशी म्हणाला, आता चाललंय ना नीट, आता तुमी जावा आत.

"मी आत गेले की साउंडबी आत आला."

दीर म्हणाला, भाचा सांभाळंल.

"सांभाळू द्या. मशीन जळालं तर पोरं थांबतील, नवऱ्याकडची मानसं बघतील. मग सांगा त्यांना, हिच्या आईला आत बसवलीय म्हनून."

तो घाम पुसत उभा राहिला. तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात आक्काची सासू येऊन उभी राहिली. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. चाळीस वर्षं घरातली प्रत्येक हळद तिनं त्या खोलीत बसून ऐकली होती. ती काठी टेकत सरळ मशीनजवळ आली आणि सुनेला म्हणाली, "बाय, मला काय धराया लागंल?"

आक्कानं एक क्षण विचार केला. हत्यारांच्या पिशवीतून केबलचा उरलेला हातभर तुकडा काढला आणि सासूच्या हातात दिला.

"ही वायर धरा, आत्या. सोडू नका, लई महत्त्वाची हाय."

ती कशालाच जोडलेली नव्हती. म्हातारीनं ती दोन्ही हातांनी धरली आणि नातीकडे टक लावून पाहत राहिली. मग मीही खोलीतून बाहेर आले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी बॅटरीजवळ जाऊन उभी राहिले आणि जमिनीकडे पाहिलं, मग थोड्या वेळानं वर पाहिलं.

पाच जणींची हळद लावून झाली. आक्कानं हात पुसले आणि गाणं एकदम बंद केलं. पोरं नाचता नाचता थांबली. मंडपात इतकं सामसूम झालं की वाटीत चमचा पडलेला ऐकू आला. ती पाटाकडे गेली, वाटीतली आंब्याची पानं उचलली आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"साउंड बंद केलाय," ती म्हणाली. "कुनाला काय बोलायचं असंल तर नीट ऐकू येईल. बोला."

नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. दीर खांबाला टेकून उभा होता. एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला, पण तेवढंच.

ती थांबली. घाईघाईनं उरकलं असं कुणी म्हणू नये म्हणून मुद्दाम थांबली असं मला वाटतं. मग खाली बसली आणि लेकीचे पाय, गुडघे, खांदे, कपाळ, सगळीकडे हळद लावली. पोरगी रडत होती. आक्का नव्हती रडत. उठली, मशीनजवळ आली आणि मला म्हणाली, "लाव."

मी लावलं.

दीर त्यानंतर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. गावात नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. पण पुढच्या लगीनसराईत एक बाई आमच्या दुकानात आली, मोटार न घेताच. पोराची हळद होती. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, तुमच्या साउंडला वायर धरायला कुनी लागतं का? मग आणखी एक आली. आक्का कुणालाच नाही म्हणाली नाही. एका हळदीला मशीनजवळ आम्ही सात जणी होतो आणि वायरी खरं तर तीनच होत्या.

आता ती इथं नाही. लेकीच्या बाळंतपणाला नाशिककडे गेली. तिथं बागायत मोठी, मोटारी जास्त जळतात. तिकडंच दुकान टाकलं. परवा फोनवर सांगत होती, इथलीबी मानसं मालक कुठाय म्हनून विचारत्यात, आनि फोटो तर मी तिकडंच इसरले. फोटो माझ्याकडे आहे, पुसून ठेवलाय. पत्र्याच्या दुकानात आता खतांच्या गोण्या असतात.

सगळ्या घरी बदललं असं नाही. अजून कित्येक जणी आतच बसतात. पण गेल्या महिन्यात आक्काच्या घरी पुतण्याची हळद होती. दीर स्वतः मला बोलवायला आला, दारातच उभं राहून. मी गेले. सवयीनं मागच्या खोलीकडे वळले आणि दार ढकललं. आत आचाऱ्याची पातेली एकावर एक रचलेली, गॅसच्या टाक्या, बटाट्यांची पोती. पाय ठेवायलाही जागा नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि पुढं मंडपात गेले.