अक्काचे मासे

"हात धू."

अक्काच्या दारात पाय ठेवला की पहिला शब्द हा. या नाही, बसा नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं विडी वळत चाललेली. मान वर न करता म्हणायची, "हात धू." पोस्टमन असो, घरमालक असो. दाराशी पाण्याची बादली आणि चिंचेचा गोळा कायम ठेवलेला.

कारण आत काचेची पेटी होती आणि पेटीत मासे होते. सोलापुरात आमच्या आळीतल्या सगळ्या बाया विड्या वळायच्या, त्यामुळे ज्याच्या त्याच्या हाताला तंबाखू. मी ट्रक चालवायचो, माझ्या तर तळहातावर तंबाखू-चुना दिवसभर. तंबाखूचं बोट पाण्यात गेलं तर मासा उलटा होतो, असं तिचं म्हणणं. तिच्याच बोटानं एकदा झाला होता.

मी एकदा म्हटलं, "अक्का, मी बायकोला बोलवायला आलोय. तुझ्या माशांना कशाला हात लावू?"

"डोळ्यानं बघणार ना त्यांच्याकडं?"

"बघणार की."

"मग धू."

तिचं खरं नाव लिहीत नाही. आळीला ते माहीतही नव्हतं. ती तेलुगू, आम्ही मराठी, मंद्रूपकडचे. तिचं मराठी वेडंवाकडं होतं पण कुठं अडायचं नाही. मला ती तम्मुडू म्हणायची, म्हणजे त्यांच्यात धाकटा भाऊ. आमच्या हिला मात्र नावानं हाक मारायची, सुंदरा. दोघी दुपारभर समोरासमोर बसून विड्या वळायच्या आणि भांडायच्या. भांडण संपलं की एकमेकींच्या पानांचे गठ्ठे पाण्यानं भिजवून ओल्या पोत्यात बांधायच्या. पान वाळलं तर वळताना तडकतं, जास्त भिजलं तर बुरशी येते. ओल किती हवी हे अक्काच्या बोटांना कळायचं, आमच्या हिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

मासे अक्काच्या नवऱ्यानं आणलेले. तो मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. एकदा मुंबईला गेला आणि लोणच्याच्या बरणीत मासे घालून, बरणी मांडीवर धरून आगगाडीनं आला. लोखंडी पट्ट्या जोडून, काचा बसवून, फटींत लांबी भरून पेटी त्यानंच केली. पेटी पहिल्यांदा गळली, दुसऱ्यांदा गळली, तिसऱ्यांदा राहिली. पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला. मासे राहिले. लाल होते, एक पांढरा होता आणि एक मोठा काळा. काळ्याशी ती नवऱ्याशी बोलावं तशी बोलायची.

"बघ कसा पडलाय. खातो एवढा, काम काय करतो?"

दुष्काळात आळी तिच्यावर उठली होती. नळाला पाणी नाही, बाया घागरी घेऊन रांगेत, आणि हिच्या घरात पेटीभर पाणी माशांना. तोंडावर बोलले लोक. माशांचं पाणी ती पूर्ण बदलायचीच नाही. तांब्या-दोन तांबे काढायची, तेवढंच नवं घालायची. काढलेलं पाणी दारातल्या कडुलिंबाला. स्वतः मात्र रांगेतून एक घागर कमी आणायची. लोक पुढं गप्प बसले. मला वाटतं, कंटाळून.

म्हणायची, "पाणी जुना पाहिजे. नव्या पाण्यात त्यांना कळत नाही आपण कुठं आहे."

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. अक्काचा मोठा मुलगा सुरतेला मागावर लागला होता, त्यानं आईला बोलावलं. सामान माझ्याच ट्रकमध्ये जायचं ठरलं. मुलानं निरोप पाठवला होता, भांडी आण, कपाट आण, मासे कोणाला तरी देऊन टाक, एवढ्या लांब ते जगायचे नाहीत.

अक्का म्हणाली, "त्याच्या बापाचं दुसरं काय आहे माझ्याकडं?"

मी म्हटलं, "अक्का, दोन दिवसांची वाट हाय. उन्हाळा हाय. वाटंत मेले तर माझ्या नावानं रडू नको."

"तू गाडी चालव. मासे मी चालवते."

तिनं तयारी कशी केली ते सांगतो, कारण तशी तयारी मी पुन्हा पाहिली नाही. दोन जुने माठ घेतले. नवा नको, नव्याचा वास पाण्याला लागतो. दोन्हींत पेटीतलंच पाणी. एकात मासे, एक नुसता पाण्याचा, वाटेत लागला तर. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, हवा जावी आणि मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून. आणि विडीच्या पानांना गुंडाळतात तसं माठांना ओलं पोतं गुंडाळलं. पोतं तिनं नवं आणून चार वेळा धुतलं होतं. आदल्या दिवसापासून माशांना खाणं बंद.

हे शेवटचं आमच्या हिला पटेना.

"उपाशी धाडतीस व्हय गं त्यांना? पाप लागंल की."

"खाल्लं की घाण करतात, सुंदरा. माठ लहान आहे. पोट रिकामा, तर पाणी साफ. रिकाम्या पोटी वाट सोपी जाते."

"आमच्यात उंबऱ्याभाईर उपाशी कोण जात न्हाय."

"तुमच्यात मासे कुठं आहेत?"

हसल्या दोघी. मला वाटलं, मिटलं.

सकाळी निघालो. मी मागं ताडपत्रीचे दोर आवळत होतो. आमच्या हिनं अक्काच्या हातावर दही-साखर घातली, दोघी रडल्या. मग अक्का रिकाम्या खोलीला कुलूप लावायला गेली. मी पुढं आलो तर ही केबिनपाशी उभी, हात पदराला पुसत होती.

"काय गं?"

"काय न्हाय. हात धुतल्यात की मी."

माझ्या काही ध्यानात आलं नाही.

मोहोळ गेलं. माठ केबिनमध्ये अक्काच्या पायांशी चुंबळीवर ठेवलेले, दोन्ही पायांनी धरलेले. मला चहाला थांबू देईना. गाडी हलते तोवर पाणी हलतं, पाण्यात हवा जाते, गाडी थांबली की त्यांचा जीव घुसमटतो, म्हणे. थांबलोच तर वाटीनं पाणी उचलून वरून सोडत बसायची.

मी म्हटलं, "बाई, मलाबी जीव हाय."

"तुला नाक आहे. गप चालव."

टेंभुर्णीच्या पुढं तिनं सहज फडकं सोडलं आणि म्हणाली, "तम्मुडू, थांब."

गाडी बाजूला घेतली. माठातलं पाणी दुधासारखं झालेलं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. तिनं हात धुतले, मग एक हात माठात घातला आणि तळातून काढून तळहात माझ्यापुढं धरला. भाताची शितं होती. दह्यातली.

दुसऱ्या माठातलं पाणी तिनं एकदम ओतलं नाही. खराब काढायची, चांगलं घालायची, वाटी वाटी. ऊन डोक्यावर. ट्रक जाताना धुरळा उडायचा, तेव्हा ती पदर पसरून माठावर वाकायची. सोबतचं जुनं पाणी संपलं. मी म्हटलं, विहिरीचं आणतो. तिनं मान हलवली, नको.

काळा पहिला गेला. तिनं तो बाहेर काढला आणि थोडा वेळ हातात धरून बसली. मग पिशवीतून विडीचं एक मोठं पान काढलं, मासा त्यात ठेवला, कडा अंगठ्यानं आत मुडपल्या, विडीचं तोंड मुडपतात तशा, आणि दोरा बांधला. बाभळीखाली हातानं माती उकरून पुरला. रडली नाही. माणूस रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "घरी गेल्यावर सुंदराला सांगू नको."

"का? तिनंच तर..."

"पाण्याला तंबाखूचा वास नाही. तिनं हात धुतले होते," अक्का म्हणाली.

सुरतेला पोचलो तेव्हा माठात तीन उरले होते, सगळे लाल. मुलगा सामान उतरवत होता. अक्कानं आधी पेटी लावायला सांगितली. काच शाबूत होती. जुनं पाणी माठात होतं तेवढंच, म्हणून मासे तसेच माठात ठेवून ती पेटीतलं नवं पाणी थोडं थोडं माठात घालत बसली. सून चहाला हाका मारत होती. मी निघालो तेव्हाही ती तशीच, दाराकडं पाठ करून बसलेली. अक्काला मी पाहिलं ते शेवटचं.

"जा," म्हणाली. "सगळे पोचले म्हण."

घरी आलो तर ही दारातच.

"पोचले?"

"पोचले."

"समदे?"

"समदे."

"बघा. मी दहीभात घातला म्हणून. उपाशी गेले असते तर मेले असते की."

पुढं कितीतरी वर्षं ती आळीत हे सांगत होती. अक्काला काय कळतंय, मी गुपचूप घातला म्हणून वाचले. मी ऐकून घ्यायचो.

मग केव्हातरी अक्काचा मुलगा नात्यातल्या लग्नाला सोलापूरला आला. अक्का गेल्याचं त्यानंच सांगितलं. झोपेत गेली म्हणे. ही रडली आणि डोळे पुसून विचारलं, "आन् मासे?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत. "तीनच तर आले होते ना मावशी. माठात भात पडला होता, पाणी नासलं. पण ते तीन खूप जगले."

ही उठली. मोरीत जाऊन हात धुतले. पुष्कळ वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता.

जेवताना मला म्हणाली, "अक्कानंच सांगितलं व्हतं न्हवं, असं बोलायला?"

"व्हय."

"लई चांगली व्हती."

त्या दिवशी तिनं भात वाढून घेतला नाही. पण कोणाला उपाशी धाडायचं नाही, ही सवय गेली नाही. मी निघून वळणावर पोचलो तरी मागून डबा घेऊन धावायची.

यंदा तिला पोटाच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी पाणीसुद्धा द्यायचं नाही. रिक्षा दारात आली. सवयीनं मी दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. तिनं वाटीकडं बघितलं.

"ठिवा आत. अक्का काय म्हणायची? रिकाम्या पोटी वाट सोपी जाती."

आणि हसली. मग रिक्षात बसली.

ती परत आली नाही. लोक येतात, बसतात, चार शब्द बोलून जातात. मला त्यातलं काही ऐकू येत नाही. एवढंच डोक्यात फिरतं की ती उपाशी गेली, आणि वाट सोपी गेली का, हे विचारायचं कोणाला. अक्काला विचारलं असतं. ती आहे कुठं? असती तर तिनं आधी हात धुवायला लावले असते.