पाण्याचा रंग कुणाला विचारला?

बाळीवेशीतल्या त्या फोटो स्टुडिओत शिरलं की समोर धबधबा दिसायचा. कापडी पडद्यावरचा. निळ्याशार डोंगरातून दुधासारखं पाणी कोसळायचं, खाली कमळं फुललेली, आणि कोपऱ्यात, का कोण जाणे, एक राजहंस. सोलापुरात नळाला पाणी येवो न येवो, हा पडदा मात्र बारमाही वाहायचा. नव्या जोडप्यांना त्याच्यापुढेच फोटो हवा असे.

पार्वतम्माच्या लग्नाचा फोटोही त्याच पडद्यापुढचा. नवरा चनमल्लप्पा स्वतःच इथला फोटोग्राफर, म्हणून कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबायला त्याच्या काकाला उभं केलं होतं. नवरीनं मान खालीच ठेवून हळूच विचारलं, "हे कुठलं हो?"

चनमल्लप्पानं पडदा रंगवणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं. पण नव्या नवरीपुढे 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं?

"नळदुर्गचं," तो म्हणाला. "नेईन एकदा."

नळदुर्ग काही लांब नव्हतं. हैदराबाद रस्त्यानं एस.टी.त बसायचं, डोळा लागतो न लागतो तोच किल्ल्याचे बुरूज दिसतात. पण लांबच्या गावाला माणूस ठरवून जातो आणि जवळचं गाव राहूनच जातं. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. मात्र त्या पडतात बोरी नदी तुडुंब भरली तरच, आणि तेही पावसाळ्याच्या शेवटी, थोडे दिवस. एका वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका वर्षी शाळांचे ग्रुप फोटो नेमके तेव्हाच आले. बहात्तरला तर नदीच आली नाही. पार्वतम्मानं विचारायचं सोडून दिलं होतं. विसरली मात्र नव्हती.

तिचं काम स्टुडिओच्या माडीवर चाले. काळ्या-पांढऱ्या फोटोंना ती रंग द्यायची. रंगाची पानं, म्हणजे सुका रंग चढवलेले कागद, बशीतल्या पाण्यात भिजवायची, काडीला कापूस गुंडाळायचा आणि गालांवर, पदरांवर, फेट्यांवर इतका हलका हात फिरवायचा की खालची सावली जागी राहावी. शेजारी कागदाचा एक कपटा असे. रंग आधी त्याच्यावर लावून बघायचा, मगच फोटोवर. तिचा एक नेम होता. माणूस ओळखीचं असो नसो, घरच्यांना विचारल्याशिवाय ती रंग लावत नसे. विशेषतः माणूस गेलेलं असेल तर. "लुगडं कसलं होतं? डोळे काळे की घारे?" सांगताना लोक रडत, कधी आपसांत भांडत. एकदा दोन भाऊ आईच्या लुगड्यावरून असे जुंपले की शेवटी पार्वतम्मानं त्यांच्या मावशीला बोलावून घेतलं.

पंचाहत्तर साली पाऊस चांगला झाला. गावातल्या एका मंडळानं दसऱ्यानंतर 'आपला परिसर' नावाचं छायाचित्रांचं प्रदर्शन ठरवलं, आणि बोरी भरल्याची बातमी आली तशी चनमल्लप्पानं कॅमेरा बांधला.

"मी येऊ?" बऱ्याच वर्षांनी पार्वतम्मानं विचारलं.

"अगं, सगळं शेवाळ आहे तिथं. हे धूड सांभाळू की तुला?" तिपाई खांद्यावर टाकत तो म्हणाला. "फोटो आणतोच की. तू घरीच बघ, निवांत."

तो गेला. रात्री आला तो चिखलानं भरलेला आणि खुशीत. फोटो उत्तम निघाला होता: तट, बंधारा, दोन्ही धारा, वर ढगांची झालर. त्यानं मोठा छाप काढून तिच्यापुढे ठेवला. पार्वतम्मानं तो पुष्कळ वेळ पाहिला आणि कापूस भिजवला. तटावरच्या गवताला हिरवा, आकाशाला निळा, दगडाला करडा. पाण्याला निळसर झाक देऊन मधे पांढरं राखलं, पडद्यावर होतं तसं. धबधबा म्हणजे तसाच असतो, हे ती लग्नापासून बघत आली होती.

छाप वाळत घातला होता तेव्हा सोनाबाई आली. ही म्हातारी नळदुर्गचीच. लेक सोलापुरात दिलेली. वारलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करून रंगवायला टाकला होता, त्याचे रंग सांगायला ती माडीवर आली.

"फेटा गुलाबी," ती म्हणाली. "लई गुलाबी न्हाय. धुऊन धुऊन इटलेला."

"आणि डोळे?"

"डोळे कुनी बगितलेत बाई? सदा वटारलेले." म्हातारी हसली, मग जरा थांबून म्हणाली, "घारे हुते."

उठता उठता तिचं लक्ष दोरीवरच्या छापाकडे गेलं. ती जवळ गेली, मागे सरली, परत जवळ गेली.

"ह्यो कुटला किल्ला?"

"अहो, तुमचाच की. नर-मादी."

"आमचा? मग आमच्या पान्यात दूध कुनी वतलं?" सोनाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तांबडंलाल पानी असतंय बाई नदी आल्यावर. गुळाच्या च्यावानी!" मग सहजच, चप्पल पायात सरकवताना, ती म्हणाली, "मानसाचं एवढं खोदून खोदून इचारता. पान्याचं कुनाला इचारलं?"

म्हातारी गेली.  पार्वतम्मानं दोरीवरचा छाप काढला, परातीत पाणी घेतलं आणि तो त्यात बुडवला. निळा रंग सुटला, मग हिरवा. परातीचं पाणी क्षणभर फार सुंदर दिसलं.

चनमल्लप्पा वर आला आणि दारातच थबकला. "अगं, हे काय केलंस? प्रदर्शनाला द्यायचाय तो!"

"चुकीचा रंग होता."

"मग बरोबर लाव. सोनाबाईनं सांगितला ना? गुळाचा चहा. झालं."

"त्या दिवशी पाणी कसं होतं? तुमी होता की तिथं."

चनमल्लप्पा आठवू लागला. त्याला उजेड आठवत होता. ढग कधी सरकला, धारेवर चमक कुठं आली, सगळं आठवत होतं. पण दिवसभर तो काळ्या फडक्याखाली डोकं घालून होता. उलटं चित्र न्याहाळत उजेड आणि सावली मोजत होता. पाण्याचा रंग?

"पाण्याच्या रंगाचं असावं," तो म्हणाला.

पार्वतम्मा हसली नाही. "मी बघितल्याशिवाय रंग लावणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाकरी झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. "माणसाचे रंग घरच्यांना विचारते मी. ह्याचं कुणाला विचारू? तुमाला ठाऊक नाही. मला दाखवलं नाही."

चनमल्लप्पा जिना उतरून गेला. खाली एक जोडपं आलं होतं, त्यांना पडद्यापुढे उभं केलं. नवरीनं त्याच्याकडे नाही, पडद्याकडे बघून काहीतरी विचारलं आणि नवरा म्हणाला, "काश्मीर असंल." चनमल्लप्पाचा हात फुग्यावर क्षणभर थांबला.

संध्याकाळी तो वर आला. "उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "पण धार अजून पडत असंल का, सांगता येत नाही हं."

एस.टी.त पार्वतम्मा खिडकीशी बसली. मांडीवर भाकरी-चटणीचं फडकं आणि त्याच्याखाली रंगाची पानं, कापूस, कपटे. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मधेच करडईसाठी नांगरून ठेवलेलं काळं रान. पूल आला की ती वाकून खाली बघे. ओढ्यांचं पाणी ओसरलेलं दिसलं की तिचं तोंड उतरायचं. चनमल्लप्पाला ते दिसत होतं.  नळदुर्गच्या वेशीत उतरल्यावर तो तिपाई घेऊन इतका भराभर चालू लागला की तिलाच म्हणावं लागलं, "अहो, सावकाश. शेवाळ आहे म्हणालात ना?"

धार पडत होती. आधी ती ऐकू आली, मग तटाला वळसा घातल्यावर दिसली. पार्वतम्मा उभी राहिली.

पाणी तांबडं नव्हतं. दुधाचंही नव्हतं. पूर ओसरून गाळ खाली बसला होता. बंधाऱ्यावरून सुटताना पाणी हिरवट, काचेसारखं होतं, खाली जाता जाता फुटून पांढरं होत होतं, आणि जिथं काळ्या दगडावर पातळ पसरलं होतं तिथं ते दगडाच्याच रंगाचं होतं. वाऱ्याबरोबर तुषार येऊन चेहऱ्यावर बसत होते.

"बघ!" चनमल्लप्पा मोठ्यानं म्हणाला, कारण हळू बोललेलं तिथं ऐकूच जाईना. "पांढरंच आहे की! उगाच धुतलास!"

"तुमच्या फोटोतलं पाणी हे नव्हं. त्या दिवशीचं निराळं होतं. ते काही मला मिळायचं नाही आता." तिनं पदरानं चष्मा पुसला. "आजचं मी बघितलं. आजचा काढा."

त्यानं तिपाई रोवली. काळ्या फडक्याखाली गेला, पुष्कळ वेळ खटपट केली, मग बाहेर येऊन फडकं तिच्यासाठी उचलून धरलं.

"ये. तूच बघ."

ती आत वाकली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर किल्ला उलटा टांगलेला होता आणि दोन्ही धारा खालून वर, आभाळात चढत होत्या.

"यव्वा!" फडक्याखालून आवाज आला. "वर चाललंय हो पाणी!" आणि मग ती हसत राहिली, चनमल्लप्पानं बरीच वर्षं न ऐकलेलं हसू. तो फडकं धरून उभा राहिला. घाई कर, असं एकदाही म्हणाला नाही.

नंतर काच काढून त्यानं फिल्म चढवली आणि रबरी फुगा तिच्या हातात दिला. ढग सरकायची वाट बघत दोघं उभे राहिले. तिला हवा तो हिरवा उजळला तेव्हा तिनं फुगा दाबला. मग दगडावर बसून, खळग्यात साचलेल्या त्याच पाण्यात कापूस बुडवून, कपट्यावर एकेक रंग लावून बघत राहिली. भाकरी खायची राहूनच गेली.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात भरलं. बक्षीस पंढरपूरच्या घाटाला मिळालं. पार्वतम्माच्या फोटोपुढे माणसं थांबत आणि पुढे जात. पुराच्या दिवशीचा छाप तिनं रंगवला नाही. तो माडीवर भिंतीला काळा-पांढराच लागला.

सोनाबाई नवऱ्याचा फोटो न्यायला आली तेव्हा चनमल्लप्पाच तिला सभागृहात घेऊन गेला. पार्वतम्मा तिथं होतीच. म्हातारी फोटोपुढे गेली, मागे सरली, परत जवळ गेली. काखेत कागदात गुंडाळलेला, विटक्या गुलाबी फेट्यातला म्हातारा.

"हां," ती म्हणाली. "आता हाय आमचं." मग बारीक डोळे करून, "पर बाई, ह्ये पूर येऊन गेल्यावरचं पानी वाटतंय. गाळ बसल्यावरचं."

"व्हय," पार्वतम्मा म्हणाली. "मी त्या दिवशी तिथं होते की."