पाठमोरे दादा

माणूसजातीबद्दल इतकं वाईट मत असलेला आणि तिच्यासाठी इतकी वणवण केलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. हे माझ्या बायकोचे थोरले बंधू. ती त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मात्र मला लग्नापासून आजतागायत ‘जावईबापू’ म्हणत आले आहेत, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून उलगडलेलं नाही. लग्नकार्यात पाहुणे नवरानवरीकडे बघतात, दादा जेवणाच्या रांगेकडे बघत. कोण मध्येच घुसतो, कोण मठ्ठ्याचा ग्लास भरून पुन्हा जिलबीकडे वळतो, हे बघून ते मला कोपराने ढोसत आणि म्हणत, “बघा जावईबापू, हा माणूस.” ‘माणूस’ हा शब्द ते डॉक्टरने आजाराचं नाव सांगावं तसा उच्चारत. भाजीवाल्याने एखादा किडका टोमॅटो पिशवीत टाकला तर त्यांना राग येत नसे, उलट आपला सिद्धांत खरा ठरल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसे. आणि टोमॅटो चांगले निघाले तर “आज गिऱ्हाईक कमी असेल” असं म्हणून ते गप्प बसत.

त्यांची सगळी नोकरी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. तिथे यंत्रांच्या घरघरीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे, आणि तो आवाज निवृत्त होऊनही उतरला नाही. इंदिरानगरच्या त्यांच्या घरात काही गुपित बोलायचं असेल तर वहिनी आधी खिडक्या लावून घेत. ते कुजबुजत ते तर फारच धोक्याचं. एकदा आम्ही एका नातेवाइकांकडे दुखवट्याला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. दादा माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू म्हणाले, “चहा करतायत की निघायचं?” गेलेल्या माणसाच्या बायकोचा रडवेला आवाज आतल्या खोलीतून आला, “ठेवलाय हो आधण.”

तर असा हा माणूस टाळेबंदी लागली तेव्हा जवळजवळ खुशीत होता. अंगणात उभे राहून ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आता बघा, शेजारी शेजाऱ्याला कसा विसरतो ते.” वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “मग तुम्ही तरी विसरू नका. मागच्या गल्लीतल्या पापडवाल्या मावशी परवापासून दारात दिसल्या नाहीत. बघून या.”

या मावशी एका बंगल्यामागच्या खोलीत एकट्या राहत. नवरा इस्त्रीची गाडी लावायचा, तो वारल्यावर त्यांनी पापड-कुरडया करून पोट भरलं. आमच्या भागात एक घर असं नसेल ज्याच्या डब्यात त्यांचे उडदाचे पापड गेले नाहीत. टाळेबंदीत कुणी कुणाला घरात घेईना, मग पापड कोण करून घेणार? दादा गेले तेव्हा त्या चहा-बिस्किटावर दिवस काढत होत्या, पण कुणापाशी बोलल्या नव्हत्या. दादा परत आले, चपला न काढता ओट्यावर बसले आणि वहिनींना म्हणाले, “दोन पोळ्या जास्त टाका.” माणूसजातीबद्दल त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

दोन पोळ्यांचे पाहता पाहता कितीतरी डबे झाले. मुलं परगावी आणि आपण इथे, अशी म्हातारी माणसं आमच्याकडे घरटी निघाली. दादा जुन्या स्कूटरवर डबे लावून निघत. डबा फाटकाला अडकवायचा, घंटा वाजवायची आणि ओरडायचं, “गरम आहे, खा, आणि फाटक लावून घ्या.” कुणी आभार मानले की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटे. एका आजोबांनी खिडकीतून हात जोडून “देव तुमचं भलं करो” म्हटलं, तर दादांनी खालून उत्तर दिलं, “त्याला सध्या वेळ नाही. वरण खारट झालंय का तेवढं सांगा.” शेजारचे एक गृहस्थ मात्र दोन दारांच्या अंतरावरून त्यांना म्हणाले, “तुम्ही गावभर फिरता आणि गल्लीत काय घेऊन येता कोण जाणे.” दादा म्हणाले, “रिकामे डबे.” दुसऱ्या दिवशी दादांच्या घरापुढे कुणीतरी बांबू आडवा बांधला. त्यांनी बांबूखालून स्कूटर वाकवून काढायची युक्ती शोधली, पण बांबू सोडला नाही. “राहू दे,” म्हणाले, “पुरावा आहे.”

शिधा कमी पडायला लागला तेव्हा वहिनींच्याच आग्रहाने ते आमच्या भागातल्या एका सेवाभावी संस्थेत गेले. तिथे तांदूळ, डाळ, तेल, साबण असं सगळं पिशव्यांत भरून तयार असे आणि वाटायला माणसं हवीच होती. संस्थेचे अध्यक्ष मऊ आवाजाचे, पांढऱ्या कपड्यांतले. काम खरं होतं, पिशव्याही भरलेल्या असत, हे दादाही नाकारत नसत. भांडण एकाच गोष्टीवरून झालं. पिशवी देताना फोटो काढायचाच, असा तिथला नियम होता. घेणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर देणगीदार विचारतात. फोटो काढायचं काम विम्याचे एजंट असलेल्या एका गृहस्थांकडे होतं, आणि ते “मावशी, थोडं हसा” असं सांगायलाही कमी करत नसत.

पापडवाल्या मावशींच्या दारात मंडळी पोचली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एजंट म्हणाले, “अहो, एक मिनिटाचं काम आहे, इकडे बघा.” मावशी भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “ज्यांच्या घरात माझे पापड गेले त्यांना माझा पसरलेला हात दिसायला नको. पिशवी न्या परत.” एजंटांनी त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना वळवायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी दादा मधे येऊन उभे राहिले. मावशींकडे तोंड, कॅमेऱ्याकडे पाठ. ते अंगाने दांडगे. त्यांच्या मागे मावशी तर सोडाच, त्यांचं दारही दिसेनासं झालं. “काढा आता,” दादा म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी तो नेमच केला. जिथे जिथे ते गेले तिथल्या प्रत्येक फोटोत चौकटीचा शर्ट घातलेली एक रुंद पाठ आणि तिच्या कडेने डोकावणारा पिशवीचा बंद, एवढंच दिसे. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फोटो पडले की आमच्याकडे हसून पुरेवाट होई. अध्यक्षांना हसू येईना. त्यांनी फोनवर सगळ्यांची बैठक घेतली, तीत दादा शिस्तीविषयी आपली मतं सांगू लागले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा आवाज बंद करून टाकला. दादांना ते कळलंच नाही. ते बोलतच राहिले, आणि अध्यक्षांचा बंगला मागच्याच गल्लीत असल्यामुळे त्यांना ते सगळं खिडकीतून ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी दादांना निरोप आला की आता वय लक्षात घेता आपण घरीच थांबावं. दादा हा निरोप सगळ्यांना मोठ्या आनंदाने सांगत आणि शेवटी म्हणत, “माणूस.”

त्यांनी डबे चालूच ठेवले. वहिनी करत, आमच्याकडून भाजी जाई, कुणी तांदूळ आणून ठेवी. मग दुसरी लाट आली आणि वहिनी आजारी पडल्या.

ते दिवस नाशकात ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. कुठल्या दवाखान्यात खाट नव्हती. बोटाला लावायच्या चिमट्यातला आकडा दर तपासणीला खाली येत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरी प्राणवायूचं मशीन मिळालं तर बघा. मी आणि बायकोने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारलं. दादांनीही विचारलं. ज्यांना वर्षभर डबे दिले त्यांतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या मुलांना फोन लावले, पण मशीन कुणाकडेच नव्हतं. ते एकाच ठिकाणी होतं, संस्थेच्या कार्यालयात. अध्यक्षांनी कुठून कुठून गोळा करून काही मशीनं आणली होती आणि गरजवंतांना देत होते. हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते पलंगाशेजारी बसून वहिनींना चमच्याने पाणी पाजत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, चेहरा धुतला आणि म्हणाले, “चला.”

कार्यालयात अध्यक्ष टेबलाशी बसले होते. त्यांचा भाऊ दवाखान्यात होता हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचे डोळे लाल होते आणि पांढरे कपडे चुरगळलेले होते. दादांनी हात जोडले. मी त्यांना देवापुढेसुद्धा तसं उभं राहिलेलं पाहिलेलं नाही.

“साहेब, मंडळींना त्रास होतोय,” दादा म्हणाले. आवाज इतका खाली होता की अध्यक्षांनी “काय?” म्हणून पुन्हा विचारलं. मीच पुढे होऊन सांगितलं.

अध्यक्षांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. “हे आत्ताच एकांकडून परत आलंय. पुसून ठेवलंय. घेऊन जा.”

एवढंच. मी मशीन उचलायला वाकलो. पण दादा जागचे हलले नाहीत. भिंतीशी ते विम्याचे एजंट उभे होते. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मशीनवर हात ठेवला, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली आणि त्यांच्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले.

“काढा,” म्हणाले.

एजंटांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खाली बघत कुणालातरी फोन लावत होते. “अहो काढा ना,” दादा पुन्हा म्हणाले, “उशीर होतोय.” मग एजंटांनी मोबाईल वर केला.

वहिनी वाचल्या. मशीन चांगलं होतं. फोटो त्याच दिवशी संध्याकाळी सगळीकडे फिरला. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच एका ज्येष्ठ बांधवाला मदतीचा हात’. दादांचा चेहरा त्यात स्पष्ट आला होता. दाढीचे खुंट, ओले डोळे, सगळं. ज्या गल्लीने बांबू बांधला तिने तो एकमेकांना पाठवला. मलाही तो चार ठिकाणांहून आला आणि प्रत्येक वेळी मी तो पुसून टाकला, जणू त्याने काही होणार होतं.

वहिनी उठून बसायला लागल्यावर दादा पुन्हा मावशींकडे डबा घेऊन गेले. हे मावशींनीच वहिनींना नंतर सांगितलं. दादा फाटकाशी ओरडले नाहीत, आत येऊन पायरीवर डबा ठेवला. मावशी म्हणाल्या, “शेजारणीने मला फोटो दाखवला. वहिनी बऱ्या आहेत ना?” दादांनी मान हलवली. “मग झालं,” मावशी म्हणाल्या. “मी एकटी होते, मला भिंतीकडे बघणं परवडलं.” दादा बराच वेळ त्यांच्या पायरीवर बसून राहिले, मग फाटक लावून निघून आले.

मावशी पुढच्या वर्षी वारल्या, म्हातारपणाने, झोपेत. डबे हळूहळू बंद झाले. जग पूर्वीसारखं झालं, दादा काही झाले नाहीत. ते सौम्य झाले. भाजीवाला काय देईल ते घेऊन येतात. लग्नात नवरानवरीकडे बघतात. शेजारच्या त्या गृहस्थांना भेटले की आधी नमस्कार करतात. मी एकदा मुद्दाम अध्यक्षांविषयी वाईटसाईट बोलायला सुरुवात केली, तर म्हणाले, “असं म्हणू नये जावईबापू. त्यांच्यामुळे हिचा जीव वाचला.” हे खरंच होतं. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा असा होता की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात संस्थेने त्या काळात काम केलेल्या स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला. दादांनाही बोलावणं होतं. मला वाटलं, ते पत्रिका फाडतील. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पडद्यावर जुने फोटो दाखवले, त्यात तोही होता, भिंतीएवढा मोठा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांचं नाव पुकारलं, ते वर गेले, शाल-नारळ घेतला, अध्यक्षांशी हात मिळवला आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

परतताना मी गाडी चालवत होतो. नारळ त्यांच्या मांडीवर होता. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, “जावईबापू, त्या दिवशी त्यांनी फोटो मागितला होता का हो?”

खोटं बोलायची सोय नव्हती, मी तिथेच होतो. “नाही,” म्हणालो.

“मलाही तसंच आठवतं,” दादा म्हणाले. सिग्नल सुटला. “मला वाटलं, मागतील. मागण्याआधी देऊन टाकावा, म्हणजे विचार बदलणार नाहीत.”

वहिनी दारातच होत्या. “कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“चांगलं झालं. सगळे चांगलं बोलले,” दादा म्हणाले. त्यांनी नारळ वहिनींच्या हातात दिला, शाल खुंटीला लावली आणि पाय धुवायला मागे गेले. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला.

वहिनींनी नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. “पाणी आहे चांगलं,” त्या म्हणाल्या. मग मागच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “आधीचे हे असते ना, भाऊजी, तर नारळ न हलवताच म्हणाले असते, सुका दिलाय मेल्यांनी.”

आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो. आत पाणी वाहत होतं, आणि दादा काही म्हणतात का म्हणून आम्ही ऐकत होतो.