नॉरबर्टची काडतुसं

रुचिर सबनीस सरांना कावळा मारता येत नाही, हे आमच्या कारखान्यात चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. फक्त ते बोलायचं नसतं. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीत आम्ही पाइपांचे जोड बनवतो. सर तिथले जनरल मॅनेजर आणि मी, जुनैद, त्यांच्या हाताखाली कामगारांच्या व्हिसाचे कागद सांभाळतो. म्हणजे मला निम्मा पगार न बोलण्याचाच मिळतो असं म्हणायला हरकत नाही.

ज्याच्याबद्दल सांगायचंय तो मात्र वेगळा. नॉरबर्ट डाबरे, वसईचा, टूलरूममध्ये लेथवर बावीस वर्षं. बुटका, जाड भिंगांचा चष्मा, आणि तोंडावर कायम कुणीतरी त्याचा अपमान केल्यासारखा भाव. मला तो फारसा आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याने केलेलं काम तो दोन बोटांत धरायचा, उजेडाकडे न्यायचा, आणि टेबलावर ठेवून हात पुसायचा. ते हात पुसणं बघून भल्याभल्यांच्या मस्तकात तिडीक जायची.

कावळ्यांची भानगड अशी. कारखान्याचे मालक नासिर, ओमानी, साठीचे, सहमजवळ त्यांचं खजुराचं शेत आणि कोंबड्या. पिल्लं बाहेर आली की कावळे उचलून न्यायचे, खजूर पिकायला लागला की घडच्या घड टोचून ठेवायचे. इथले लोक त्याला हिंदी कावळा म्हणतात, कारण तो आपल्याकडूनच जहाजांवर बसून आला असं सांगतात. सबनीस सरांना हे नाव व्यक्तिशः लागायचं. चारचौघांत ते त्याला नुसतं ‘बर्ड’ म्हणत.

नासिर यांच्याकडे रीतसर परवान्याची एक बंदूक होती. तिचं काडतूस करंगळीएवढं, त्यातली गोळी पेन्सिलीहून बारीक. पण ती आवाजाच्या तिप्पट वेगाने जाते आणि जिथे लागते तिथेच फुटून तिचा भुगा होतो, म्हणून शेतासारख्या ठिकाणी ती बरी. विकतची काडतुसं या बंदुकीला मानवत नव्हती, एक इकडे जाई, एक तिकडे. तेव्हा नासिरनी घरीच काडतुसं भरायचं यंत्र आणवलं, ते अडलं, दुरुस्तीला नॉरबर्टला बोलावलं, आणि त्याने ते दुरुस्त करून पुढची अकरा वर्षं सोडलंच नाही.

दर बुधवारी सुट्टी झाली की तो शेतावरच्या एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचा. उडालेली पितळी नळकांडी धुवायची, बुडाची, दारूला ठिणगी देणारी जुनी टोपी ठोकून काढायची, फुगलेली मान दाबून सारखी करायची, वाढलेली लांबी कापायची, नवी टोपी, मग दारू तोलायची, मग गोळी बसवायची. तोलताना तो पंखा, एसी सगळं बंद करायचा, कारण वाऱ्याने काटा हलतो. मे महिन्यात, सहमला. मी एकदा दार उघडलं तर घामाने निथळत बसलेला हा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, “श्वास बाहेर सोडून ये.” कावळ्याला मरायला एवढी अचूकता लागत नाही, असं मी म्हटलं. त्याने हात पुसले.

आणि स्वतः त्याने एकही बार काढलेला नव्हता. परवाना नासिर यांचा, उडवायचे त्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी. नॉरबर्टचं काम काडतुसं भरायची आणि शुक्रवारी नेमबाजाच्या मागे उभं राहून एकेक हातावर ठेवायचं.

पाहुणे म्हणजे सबनीस सर. दर शुक्रवारी पुण्याचा हा गृहस्थ ठिपक्याठिपक्यांची शिकारी पँट घालून यायचा. ती पँट कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. कावळे तर त्याची गाडी फाटकातूनच ओळखायचे, आणि इतरांच्या गाडीला उडून जाणारे कावळे याच्या गाडीला जागेवरच बसून राहायचे. शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे कोंबड्यांच्या आतड्यांचा ढीग, त्यावर कावळे. दोनशे पावलांवरून सर नेम धरायचे. बार व्हायचा, बांधावर धूळ उडायची, कावळा बाजूला दोन उड्या मारून परत जेवायला लागायचा.

मग सर आवाज अडवायला कानांवर घातलेले डबे काढून म्हणायचे, “अरे नॉरबर्ट, हे काडतूस हलकं भरलंय.” बापाच्या वयाच्या माणसाला अरे. आम्ही मागे खुर्च्यांवर चौघे-पाचजण असायचो. अकाउंट्सचा यासिर मान डोलवायचा, मी तर मोठ्याने म्हणायचो, “हो सर, आवाजावरूनच कळलं.” मला त्या आवाजातलं काय कळत होतं? त्यानंतर नासिर त्याच खोक्यातलं पुढचं काडतूस घ्यायचे, पायघोळ दिशदाशाची बाही सावरून बसायचे, आणि कावळा पडायचा. पुन्हा घ्यायचे, पुन्हा पडायचा. सर म्हणायचे, तुमची बंदुकीशी ओळख आहे. आम्ही त्याचीही री ओढायचो. मग सर मेलेल्या कावळ्यांबरोबर स्वतःचा फोटो काढून घ्यायचे.

नॉरबर्टने मला खरं कारण एकदा कँटीनमध्ये सांगितलं होतं. “घाबरतो तो. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि नळी खाली दाबतो. बार झाला की बंदूक हलतेच, म्हणून कुणाला दिसत नाही.” मी आजूबाजूला बघितलं आणि विषय बदलला.

गेल्या मार्चमध्ये नॉरबर्टला साठ पूर्ण होणार होती. साठीनंतर ठेवायचं तर मॅनेजरची शिफारस लागते, असा आमच्या कंपनीचा नियम. त्याला दोनच वर्षं हवी होती. बायको, जसिंता, सोहारच्या एका दवाखान्यात नर्स, तिच्या नोकरीची दोन वर्षं उरलेली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली पंचवीस तो आखातात आणि ती वसईत. पोरं मार्गी लागल्यावर ती इथे आली, तेव्हा कुठे दोघं एका घरात राहायला लागली. जायचं ते बरोबर जायचं, असं त्यांचं ठरलेलं. हे त्याने नाही, तिने मला सांगितलं. फॉर्म द्यायला आली होती, आणि जाताना दारात थांबून म्हणाली की एवढं बघा हं भाऊ, आता पुन्हा वेगळं राहायला नको वाटतं.

फॉर्म सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, “हे बघ जुनैद, त्याची क्वालिटी घसरलीय. हात थरथरतात. काडतुसं बघतोयस ना कशी भरतो? तीच टूलरूमची गत असणार. या शुक्रवारी बघतो आणि ठरवतो.”

बावीस वर्षांच्या लेथकामाचा निकाल कावळ्यांवर लागणार होता. मी एवढं केलं की नॉरबर्टला ते जाऊन सांगितलं. मला वाटलं तो व्हिसाचं विचारेल, सरांना भेटतो म्हणेल, चार गोड शब्द बोलायची तयारी दाखवेल. यातलं काही नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, “माझी काडतुसं खराब आहेत असं म्हणाला?” मी हो म्हटलं. मग तो लेथ सुरू करून कामाला लागला. असल्या माणसाला मदत तरी कशी करायची, असं मनात म्हणत मी तिथून निघालो.

शुक्रवारी सरांनी चार बार काढले. चारही बांधात. नॉरबर्टने पाचवं काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं. सरांनी ते आत सारलं, गाल टेकवला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

नुसतं टक् वाजलं. बार नाही, धूर नाही, धक्का नाही. आणि त्या शांततेत बंदुकीची नळी चांगली वीतभर खाली गेली, सरांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानांपर्यंत आलेले. कधीच न झालेल्या आवाजाला दचकून माणूस तसाच आकसून बसला होता. यासिरने बघितलं. मी बघितलं. नासिरनी तर अगदी शेजारून बघितलं. एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं की अकरा वर्षं कावळे का वाचले.

नॉरबर्टने पुढे होऊन काडतूस काढून घेतलं आणि तळहातावर धरलं. “सर, हे मी मुद्दाम दिलं. यात दारू नाही, बुडाला टोपी नाही. मग नळी कशाने खाली गेली?”

मूर्ख माणूस. त्याला खरंच वाटत होतं की एकदा दाखवून दिलं की झालं. मापात बसतं की नाही बसत, एवढाच त्याचा हिशेब. माणसं बघतात आणि तरी बघितलं नाही म्हणतात, हे साठ वर्षांत त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सर लाल झाले. त्यांनी नॉरबर्टकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. “जुनैद, काय झालं ते तू सांग.”

मी म्हणालो, “सर, काडतूस फुसकं निघालं.”

खोटं नव्हतं, हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला ऐकवलं. नासिरनी माझ्याकडे एकदा बघितलं, बस, एकदाच. मग उठले, कहवा ओतला, आणि पहिला पेला पाहुण्याला, म्हणजे सरांना दिला. आपल्या अंगणात पाहुण्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही त्यांची रीत. मोठी सुंदर रीत आहे, सगळे तिचं कौतुक करतात. त्या दिवशी ती नॉरबर्टच्या मुळावर आली. कारखान्यात ते कधी लक्ष घालत नसत, तेव्हाही घातलं नाही.

रविवारी सरांनी मला नोट सांगितली. सदर कामगाराने दारू न भरलेलं काडतूस वरिष्ठांच्या हाती दिलं, हा गंभीर निष्काळजीपणा आहे, वयोमानाने अचूकता उरलेली नाही, मुदतवाढीची शिफारस करता येत नाही. मुद्दाम हा शब्द त्यात कुठेही नव्हता. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मी सही केली आणि प्रत फाइलला लावली.

दोन आठवड्यांनी नॉरबर्ट व्हिसा रद्द करायच्या कागदांवर सही करायला आला. त्याचं तिकीट एकट्याचं होतं. जसिंताने दवाखान्याजवळ दोन नर्सबरोबर खोली घेतली होती. आता हा मला शिव्या घालणार, असं धरून मी आधीच तोंड वाकडं करून बसलो होतो. त्याने शांतपणे नोट वाचली, दोनदा. मग उठून केबिनचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला.

“यातलं काही बदलू नकोस,” तो म्हणाला. “तुला पोरंबाळं आहेत. मला फक्त एक सांग, बाहेर कुणाला बोलणार नाही मी. नळी खाली गेली, ते तू बघितलंस ना?”

दार बंद होतं. सर मस्कतला गेले होते. हो म्हटलं असतं तर माझं केसभरही नुकसान होणार नव्हतं.

“नाही अंकल,” मी म्हणालो, “मी तेव्हा मोबाइल बघत होतो.”

त्याने मान हलवली. मी बोट ठेवलं त्या तिन्ही ठिकाणी सह्या केल्या, पेन माझ्याकडे सरकवलं, आणि खिशातून रुमाल काढून दोन्ही हात नीट पुसले.